लाल बादल्यांतलं पाणी

१८ मार्च १९८५, सौंसर
आले बाप्पा एकदाची! नागपूरच्या बसमधून उतरले तेव्हा अंगभर धूळ होती आणि पर्समध्ये पहिल्या नोकरीचा कागद : रसायनशास्त्राची शिक्षिका. खोली शकुंतलाकाकूंकडे मिळाली. काकूंनी चहाच्या आधी टोपलंभर संत्री पुढे ठेवली आणि खा म्हणाल्या, लाजून नका राहू. त्यांची प्रेमलता अकरावीत, माझ्याच वर्गात. पोरीच्या तोंडाला कुलूप नाही. पाच मिनिटांत शाळेतल्या साऱ्या मास्तरांच्या नकला करून दाखवल्या. काकू म्हणाल्या, छाया मॅडम, आता आमची पोर तुमच्या हवाली. मी हसत हसत हो म्हटलं.

१९ मार्च
प्रयोगशाळा पाहिली आणि डोकंच सटकलं. आम्लाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्लेल्या. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही सकाळी तासभर. उद्या कोणाच्या डोळ्यांत आम्ल उडालं तर काय थुंकी लावायची? शिपाई चिंधूभाऊंना बाजारात पिटाळलं, दोन बादल्या आणवल्या, लाल रंगवल्या आणि त्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं : डोळ्यांसाठी. हात लावू नये. चिंधूभाऊंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. मग म्हणाले, आधीच्या मॅडमनंबी असंच लिवलं होतं.

२६ मार्च
चोर सापडला! रोज दुपारी बादल्या रिकाम्या व्हायच्या. ते पाणी जातं प्राचार्यांच्या कूलरमध्ये. शाळेमागे विहीर आहे, पण पोहरा ओढायचा कोणी? इथं बादल्या आयत्या भरलेल्या. कूलरच्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या ओल्या नसल्या तर मोठ्या सरांना झोप कशी लागणार! मी सरळ खोलीत जाऊन भांडले. ते शांतपणे म्हणाले, मॅडम, तुम्ही नव्या आहात, इथला उन्हाळा तुम्ही अजून पाहिला कुठं.
त्यातल्या त्यात पाचव्या टेबलावरची एक मुलगी बरी. उन्हामुळे इथल्या मुली तोंडाला ओढणी गुंडाळूनच येतात, तशीच हीही. प्रात्यक्षिकाआधी बादलीत बोटं बुडवून पाहते आणि विचारते, मॅडम, पाणी हाये ना? म्हटलं, चला, एकीला तरी अक्कल आहे.

२ एप्रिल
हजेरीपटावर वीस मुली. काल मोजल्या तर एकवीस. घरी आल्यावर प्रेमलताला विचारलं, पाचव्या टेबलावर कोण उभी राहते गं? ती म्हणाली, कोणीच नाही मॅडम, त्याचा तर पाय मोडला आहे. मला वाटलं, माझीच थट्टा करून राहिली. आज जाऊन पाहिलं. पाय खरंच मोडलेला. वरच्या फळीवर ओल्या हाताची पाच बोटं. खिडकीतून ऊन थेट त्यावर येत होतं, तरी वाळत नव्हती.

९ एप्रिल
चिंधूभाऊंना कोपऱ्यात गाठून पाचव्या टेबलाबद्दल विचारलं. आधी झाडू घेऊन निघाले, मी वाट अडवली. मग सांगितलं. तीन वर्षांमागे बोरगावची मीना म्हणून मुलगी होती. गरम परीक्षानळी उसळली आणि आम्ल दोन्ही डोळ्यांत गेलं. बादल्यांतलं पाणी तेव्हाही कूलरमध्येच होतं. पोरगी चाचपडत बेसिनपाशी गेली, कोरडा नळ फिरवत राहिली. रडत नव्हती म्हणे, नुसती विचारत होती, पाणी हाये ना? डोळे गेले. पुढे महिन्याभरात घरच्याच विहिरीत पाय घसरून पडली. चौकशीत सगळ्यांनी लिहून दिलं, की बादल्या भरलेल्या होत्या, चूक मुलीची. त्या कागदावर चिंधूभाऊंचाही अंगठा आहे. सांगता सांगता म्हातारा ओक्साबोक्शी रडला. मला दया नाही आली, संताप आला. मी अशी सही मेले तरी केली नसती.

१६ एप्रिल
ऊन कसलं, भट्टीच. पाचव्या टेबलाकडे मी आता बघतच नाही.
मोठ्या सरांनी गुण भरायला आज त्यांच्या खोलीत बसवलं आहे, कूलरसमोर. काय गार वाटून राहिलं, खोटं कशाला बोलू! आत्ता बाराला ताट्या सुकल्या. चिंधूभाऊ दारात येऊन उभे राहिले आणि खाली मान घालून विचारलं, बादल्या आणू का? मोठे सर माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, आणा. प्रात्यक्षिक दोनला आहे. तोवर विहिरीवरून भरून घेऊ.

१७ एप्रिल
भरायच्या राहिल्या. मीच विसरले. मीच.
प्रेमलता — नळीचं तोंड तिच्याकडे होतं, मी ओरडेपर्यंत — बादलीत हात घातला तर तळाचा पत्रा लागला. दुसरीतही. मग नळ. मी कोरडा नळ फिरवत राहिले आणि ती माझा पदर धरून — जीपनं नागपूरला नेलं.
पाचव्या टेबलावरची तिथंच उभी होती. काल तिनं काही विचारलं नाही.

१९ एप्रिल
एक डोळा गेला. दुसऱ्याचं डॉक्टर सांगत नाहीत. काकूंनी निरोप पाठवला, छाया मॅडम तिथंच होत्या, त्या खरं सांगतील.
मोठे सर कागद लिहूनच घेऊन आले. बादल्या भरलेल्या होत्या, चूक मुलीची. म्हणाले, तुमची नोकरी अजून पक्की झालेली नाही.
केली सही. थू माझ्या जिंदगानीवर.

२१ एप्रिल
शाळेत गेले नाही. काकू नागपुरात, घरात मी एकटी. पाण्याच्या माठावर पाच बोटं, ओली. आरशावर. सही केली त्या पेनावर — पुसते, पुन्हा —

२२ एप्रिल, दुपारी दोन
दार आतून लावलं होतं. मीच लावलं होतं.
उंबऱ्याच्या आत उभी आहे. ओढणी सोडून राहिली — एक वेढा — दुसरा — वर बघायचं नाही, लिहीत राहायचं —
हातात लाल बादली. अक्षर माझंच. डोळ्यांसाठी. काठोकाठ. वासानंच घसा जळून राहिला, हे पाणी नाही, हे —
काकू, मी तुमच्या पोरीचं —
म्हणते, मॅडम, बादली भरलेलीच हाये, तुमीच लिवून देल्लं ना. डोळे उघडे ठेवा, मी धुवून