मोज्याची टाच

क्लाक्सविक,
६ फेब्रुवारी १९८८

प्रिय एल्स्पामावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. कॉफी मी घेतली. चॉकलेट हानुसचं, तो मासेमारीहून परत येईपर्यंत उरलं तर.

आता मुद्द्याचं. माझ्या पोटात जरा वात धरलाय, असं आईने तुला फोनवर सांगितलं म्हणे. मावशी, वात नाही, गाठ आहे. स्कर्टची बटणं लागेनात तेव्हा मी वेडी मनात मांडे खात बसले होते. हानुसशी लग्नाला सहा वर्षं झाली, वाटलं, पाळणा हलणार एकदाचा. मग सोनोग्राफी झाली. गाठ अंडाशयावर आहे आणि डॉक्टरांना तिचं लक्षण बरं दिसत नाही. कर्करोग आहे की नाही, ते पोट उघडल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणतात. सुई घालून तुकडा काढावा तर गाठ फुटून आतलं सगळं पोटभर सांडायची भीती. म्हणून मला आपल्या बेटावरून तुमच्या कोपनहेगनला पाठवताहेत.

तिथे मी भूल घेऊन पडलेली असतानाच गाठीचा तुकडा गोठवून, पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. साधी निघाली तर तेवढी काढून पोट शिवणार. वाईट निघाली तर गर्भाशय, दोन्ही अंडाशयं, सगळं त्याच वेळी काढणार. तशी सही मी करून बसले आहे. म्हणजे बघ, मला मूल होऊ शकतं की नाही, हे त्या खोलीतल्या झाडूवालीलाही कळलेलं असेल, आणि मला मात्र नाही.

म्हणून एक मागणं. मला आत नेलं की तुझं विणकाम घेऊन बाहेर बस, आणि मला बाहेर आणलं की थांब. तुझा हात घड्याळासारखा चालतो, जितका वेळ त्यांना लागेल तितकाच मोजा होईल. जाग आल्यावर मला कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, मोज्याकडे बघायचं आहे. नुसता वरचा काठ झालेला दिसला तर समजेन, गाठ तेवढी गेली. टाच वळवून पुढे गेली असशील तर सगळं गेलं.

मला फार भीती वाटते गं.

कळावे. माझ्यावरचा लोभ सध्या जरा जास्तच असू दे.
तुझी,
रान्वा


कोपनहेगन,
१४ फेब्रुवारी १९८८

चि. रान्वा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, आणि मासा करपला. शेजारीण धूर बघून धावत आली. तिला सांगितलं की माझी भाची येणार आहे, त्याचाच हा सोहळा.

तुझ्या आईचं काय घेऊन बसलीस! लहानपणी बाबा बोटीवर असले की सान्ना वादळाचं नावसुद्धा घेऊ द्यायची नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे तिला साठीतही समजलेलं नाही. मी तशी नाही. तुझी मागणी ऐकून आधी राग आला, मग पटली. आपल्याच मेंढ्यांची राखाडी लोकर काढून ठेवली आहे. जे असेल ते तुला मोज्यावर दिसेल. एल्स्पाने आयुष्यात टाका खोटा घातलेला नाही.

येताना वाळवलेलं मटण आण. इथे मिळतं त्याला ना वास, ना चव. आणि रडायचं असेल तर इथे येऊन रड, एकटी बसून रडू नकोस.

कळावे. माया आहेच, ती काही मागावी लागत नाही.
तुझी,
एल्स्पामावशी


कोपनहेगन,
३ मार्च १९८८

प्रिय सान्ना हिस,
स. न. वि. वि.

फोनवर मला एवढंच बोलता आलं की रान्वा सुखरूप आहे. बाकीचं लिहिते. बसून वाच.

सकाळी तिला आत नेलं आणि मी विणायला घेतलं. काठ झाला, दार उघडलं नाही. टाच जवळ आली. वाटलं, सुया खाली ठेवाव्यात. पण किती वेळ लागला ते मोज्यावर खरं दाखवीन, असा रान्वाला शब्द दिला होता. टाच वळवली, तळवा झाला, आणि बोटांशी आले तेव्हा डॉक्टर स्कोव्हबाई बाहेर आल्या. कर्करोगच निघाला, सान्ना. दोन्ही अंडाशयांत. सगळं काढावं लागलं. आजूबाजूचे तुकडे तपासायला गेले आहेत, पण डोळ्यांना तरी पुढे पसरलेला दिसला नाही. उद्या ती नीट शुद्धीवर आली की त्या स्वतः तिला सांगणार आहेत.

त्या वळल्या आणि मी मोजा उसवायला घेतला. भराभरा, पार काठापर्यंत. समोरच्या डॅनिश बाईने कळवळून विचारलं की काही चुकलं का. मी म्हटलं की हो, फार चुकलंय. एक रात्र तरी पोरीला निवांत झोप लागू दे, एवढंच मनात होतं.

तिने डोळे उघडले ते थेट मोज्याकडे. हात लांब करून लोकरीचा गुंडा चाचपला, माझ्याकडे बघून हसली आणि झोपली. मी अजून तिच्या उशाशीच बसून आहे.

मी मोजा उसवला, हे तिला कधी कळता कामा नये. तू फोनवर रडू नकोस आणि हानुसलाही सांभाळ.

कळावे. आपल्या दोघींना आता एकमेकींचाच आधार.
तुझी,
एल्स्पा


क्लाक्सविक,
२० सप्टेंबर १९८८

प्रिय मावशीस,
सा. न. वि. वि.

केमोथेरपीचं शेवटचं सलाईन झालं. उलट्या थांबल्या, रुबार्बच्या आंबट देठांचा मुरांबा पुन्हा गोड लागतो. डोक्यावर केस नाहीत. हानुसचं म्हणणं, आता टकलावरून कुणी कुणाला हसायचं नाही. कुणाचं तान्हं बाळ समोरून आलं की मी मात्र रस्ता बदलते. हे आईला सांगू नकोस.

पुढच्या महिन्यात पुन्हा पोट उघडून आत काही उरलंय का ते बघणार. काही दिसलं नाही तर लवकर आवरेल, दिसलं तर वेळ लागेल. तू पुन्हा मोजा घेऊन बसणार, म्हणून आज लिहायलाच हवं.

मावशी, मला तेव्हाच कळलं होतं. मोज्यावरून नाही, गुंड्यावरून. उसवलेली लोकर कुरळी होते, हे मला शिकवलं कुणी? लहानपणी माझे चुकलेले टाके उसवून उसवून तूच ना? तुझा गुंडा तर मेंढीच्या पाठीवर परत गेल्यासारखा वळलेला होता! केवढं उसवलंस गं! पण तू इतक्या आशेने माझ्याकडे बघत होतीस की हसण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. मग भिंतीकडे तोंड करून रडले. तुला वाटलं, झोपले.

रागावले नाही. पण ती रात्र आपण दोघी एकमेकींना फसवत जागत बसलो, त्यापेक्षा एकत्र रडलो असतो तर बरं झालं असतं. या खेपेला उसवू नकोस. टाच तर टाच. मला तुझ्याबरोबर बघायची आहे.

कळावे. लोभ आहे तसाच असू दे, पण लबाडी नको.
तुझीच,
रान्वा


कोपनहेगन,
१९ ऑक्टोबर १९८८

प्रिय आईस,
सा. न.

अक्षर वाकडं आहे, पडून लिहिते आहे. तुकड्यांचा अहवाल यायचा आहे, तेव्हा आत्ताच गावभर सांगत सुटू नकोस.

जाग आली तेव्हा मावशी शेजारी होती, मांडीवर मोजा. नुसता काठ. माझा विश्वास बसेना. मी काही विचारायच्या आत तिनेच गुंडा माझ्या हातात ठेवला. धागा चिमटीत धरून वारंवार ओढून बघितला, आई.

सरळ आहे.

तुझी,
रान्वा