कॉर्नेट आणि फोनमधला काटा

१० नोव्हेंबर, सोमवार

"अंकल, आपका कॉर्नेट डाऊन है." — काल विरारच्या हॉलमध्ये, लग्नात. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, कीबोर्डमागे बसलेला. वधूवर आत येताना आमचा बँड आणि त्याचा कीबोर्ड एकत्र वाजायचं ठरलं होतं. दोन ओळी झाल्या आणि याने हात उचलले. सगळ्यांसमोर!

मी तोंड उघडायच्या आत जॅक्सन त्याचं मोठं पितळी युफोनियम घेऊन पुढे झाला. "तुझा कीबोर्ड चढलेला हाय. आम्ही एकटे वाजवतो, तू बस." मग आम्ही एकटेच वाजवलं. छान झालं. नेहमीसारखं.

पण आज दिवसभर तेच डोक्यात. एकतीस वर्षं या बँडला सूर मी देतो. एरॉल मास्तरांनी दिलेलं काम. आधी मी एकटा कॉर्नेटवर एक सूर धरतो. बाकीचे नऊ जण तो ऐकून आपापल्या वाद्याची स्लाइड — ती सरकणारी नळी — मागेपुढे करतात. बाहेर ओढली की सूर उतरतो, आत ढकलली की चढतो. म्हणजे मी उतरलो तर अख्खा बँड उतरला. आणि जॅक्सन तर मास्तरांचा मुलगा, कान बापाचा. तो चढलाय म्हणाला म्हणजे कीबोर्डच चढलेला असणार.

तरी झोप नाही. सुनेला विचारलं, सूर मोजायचं काही फोनवर मिळतं का? क्षितिजा म्हणाली, "बाबा, ढीगभर ॲप आहेत. उद्या टाकून देते." त्या पोराला खोटं पाडायचं आहे, बस.

११ नोव्हेंबर, मंगळवार

क्षितिजाने ऑफिसला जायच्या आधी तीन ॲप टाकून दिली.

पहिलं गिटारवाल्यांचं. सहा तारांपलीकडे त्याला जग नाही. मी फुंकलं तर म्हणे तार घट्ट करा. काढलं.

दुसऱ्यात मी सी वाजवला — ते दाखवतंय बी फ्लॅट. परत वाजवला. परत बी फ्लॅट. अख्खा एक सूर खाली! बावन्न वर्षं चुकीचं वाजवतोय की काय! विहिरीच्या कठड्यावर तसाच बसून राहिलो. सोनचाफ्याला पाणी सोडायचंही राहिलं.

संध्याकाळी सून आली, ॲपच्या सेटिंगमध्ये शिरली. "बाबा, आधी वाद्य निवडायचं असतं. कॉर्नेटचा सी म्हणजे पियानोचा बी फ्लॅट, असं लिहिलंय इथे." अरे, हे मला ठाऊक आहे! मास्तरांनी पहिल्याच वर्षी शिकवलेलं. घाबरलं की माणूस शिकलेलंही विसरतो.

वाद्य निवडलं. वाजवलं. आता नाव बरोबर आलं, सी. पण काटा मधल्या रेघेच्या डावीकडे. लाल. फार नाही, थोडासाच. पण डावीकडे म्हणजे उतरलेला. तिसरं ॲप उघडलं. तेही डावीकडे. क्षितिजा चहा ठेवायला गेली.

आज तालीम होती. सर्दी झाल्याचं कळवलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आणखी दोन ॲप टाकून घेतली. डावीकडे. डावीकडे. नाचता येईना अंगण वाकडं — हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

विरारला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. घरी सांगितलं, मोटरचा पार्ट बघायला जातोय. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी दाबत होतो. बाहेर आल्यावर बाईंनी कागद दाखवला — रेघ उतरत उतरत पार तळाला गेलेली. "आजोबा, वरचे आवाज बरेच गेलेत. बारीक फरक आता कळणार नाहीत." मी विचारलं, परत येतील? "मशीन लावून बोलणं ऐकू येईल." मी बोलण्याचं विचारलंच नव्हतं.

त्यात गेल्या वर्षी पुढचे दोन दात गेले. ओठ सैल पडतात, सूर खाली सरकतो, आणि कानाला ते कळत नाही. असं आहे सगळं. रिक्षात बसलो आणि रडू आलं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मास्तरांना भेटून आलो. चौऱ्याऐंशी वर्षांचे. चार महिने अंथरुणावर, नाकाला ऑक्सिजनची नळी. खाट पुढच्या खोलीत, खिडकीजवळ — बाहेर ओट्यावर आमची तालीम असते, ती त्यांना ऐकू यावी म्हणून.

सोळा वर्षांचा होतो, लग्नाचे हार द्यायला या ओट्यावर आलो होतो. आमच्या घरात वाद्य म्हणजे भजनाचे टाळ. बँड बघत उभा राहिलो तर मास्तरांनी कॉर्नेट पुढे केलं — "फुंकतो का?" वाडवळाच्या हिंदू पोराला चर्चच्या बँडमध्ये घेतलं म्हणून तेव्हा दोन्हीकडून कुरकुर झाली. मास्तरांनी कुणाला भीक घातली नाही.

आज माझा हात धरून म्हणाले, "हरेश, मला नेतील तेव्हा पुढे तू. सूर तू द्यायचा. दुसरा कोन नाय."

हो म्हणालो. सांगायला हवं होतं, मास्तर, माझा कान गेलाय. नाही सांगितलं. ज्याने मला सूर शिकवला त्याला मी बेसूर पोचवणार? नाही. तेवढं झालं की कॉर्नेट ठेवून देईन, पण त्या दिवशी काटा मध्येच हवा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कान नाही तर डोळे. आता ॲप नीट निवडायला बसलो. खोटं पाडायला नाही, शिकायला.

एकात हसरा चेहरा आहे. सूर लागला की हसतो, चुकला की तोंड पाडतो. अडुसष्टाव्या वर्षी ते तोंड बघून घेणार नाही. एक दर पाच मिनिटांनी जाहिरात लावतं. काल मधल्या सुरावर एक बाई आली आणि केसांचं तेल विकायला लागली. एक इतकं हळवं की कावळा ओरडला तरी काटा उडतो. एकाचे आकडे इतके बारीक की चष्म्यावर चष्मा लावावा लागेल.

शेवटी एक राहिलं. साधं. काळा पडदा, पांढरा काटा, सूर लागला की सगळा पडदा हिरवा. चार हातांवरून दिसतो. मोटरच्या खोलीच्या भिंतीला खिळा मारून फोन टांगला. स्लाइड बरीच आत ढकलावी लागते, ओठ आवळावे लागतात. कानाला ते चढलेलं, चुकीचं वाटतं. डोळ्यांना हिरवं दिसतं. डोळ्यांचं ऐकायचं ठरवलं आहे.

कालही तालमीला गेलो नाही. चाफ्याच्या फुलांची तोड आहे म्हणालो. तोड काय संध्याकाळी असते? जॅक्सनने मान्य केलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

खालचा ओठ सुजला आहे. पण आज पूर्ण धून हिरव्यात वाजली, दोनच ठिकाणी लाल.

प्रेमलता वाडीत आली होती, मला कळलंच नाही. मागे उभी. फोन बघितला, मला बघितलं. "तीनदा हाक मारली. मोटर बंद करा, पानी वाहतंय म्हनून." मग बाजूला बसली. "मला काय ठाव नाय का? दोन वर्षं झाली, टीव्ही केवढ्याने लावता. मी काय बोलले का कधी?"

विचारलं, का नाही बोललीस? म्हणाली, "बोलून कान येनार होते?" आणि मोटर बंद करायला गेली. त्रेचाळीस वर्षांचा संसार. तिच्याइतकं कमी बोलून इतकं गप्प बसवणारं दुसरं कोणी नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लिहू की नको असं झालंय.

तालमीला गेलो. फोन स्टँडला लावला. "हे काय, काका?" सालोमीने विचारलं. माझ्या शेजारी दुसरं कॉर्नेट तिचं. पॅथॉलॉजी लॅबमधून सुटली की तशीच येते. म्हटलं, नवी सोय. सूर दिला. पडदा हिरवागार. सगळ्यांनी धरला — आणि गलका! माझ्यासारख्या बहिऱ्यालाही जाणवावं असं काहीतरी घासत होतं. थांबवलं. परत दिला. हिरवा. परत तेच.

मग मी फोन घेऊन एकेकापुढे गेलो. वाजव. काटा डावीकडे. तू वाजव. डावीकडे. जॅक्सनचं युफोनियम, सालोमीचं कॉर्नेट, सगळे खाली, आणि सगळे सारखेच खाली! दोन आठवडे मी नव्हतो, मास्तर अंथरुणावर, कोणी विचारणारं नाही — हेच होणार.

माझा तोल गेला. म्हणालो, "लाज वाटत नाही? त्या खिडकीत तो माणूस पडलाय, त्याला हे बेसूर ऐकवता? बघा, मशीन खोटं बोलत नाही. मी बरोबर, तुम्ही सगळे उतरलेले." सालोमीचे डोळे भरले. तिने जॅक्सनकडे पाहिलं. जॅक्सन खाली बघून म्हणाला, "बरोबर हाय, काका. आत घ्या रे सगळ्यांनी." सगळ्यांनी स्लाइड आत घेतल्या. मग जुळलं.

खरं सांगतो, आत कुठेतरी बरं वाटलं. दोन आठवडे मी एकटाच चुकलेला होतो.

निघताना मास्तरांनी बोलावलं. दम लागत होता. "उतरलेत तर उतरू दे, हरेश. पोरांना बोलू नको." म्हटलं, तुमच्याच शिस्तीतला आहे मी. त्यांनी मान फिरवली. आजारपणात माणूस मऊ होतो.

३० नोव्हेंबर, रविवार

मास्तर आता ओळखत नाहीत. जॅक्सनची बायको रोझमेरी ओठांना ओला कापूस लावत बसते. मी पायाशी बसलो तासभर. त्यांची बोटं चादरीवर हलत होती, कॉर्नेटचं पहिलं बटण, तिसरं, पहिलं. कोणती धून ते मला कळलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

दुपारी साडेबाराला मास्तर गेले. मी वाडीत फुंकत होतो तेव्हा.

३ डिसेंबर, बुधवार

सगळं आजच लिहून ठेवतो.

चार वाजता मास्तरांच्या घरून निघायचं होतं. फोन चार्ज करून, पट्टीने हातावर बांधून नेला होता. बाहेर ओट्यावर उभा राहिलो — आणि पडद्यावर ऊन. काही दिसेना. हात वळवला, सावली केली, नाही. त्यात रडण्याचे आवाज, फादरांची प्रार्थना, काटा नुसता थरथरतोय. शवपेटी उचलली गेली. जॅक्सन बापाला खांदा द्यायला पुढे, त्याचं युफोनियम आज त्याच्या भाच्याकडे. सगळे माझ्याकडे बघतायत.

हात खाली सोडला. डोळे मिटले. मला जो बरोबर वाटतो तो सूर धरला, जुन्या सवयीने स्लाइड ओढून, ओठ मोकळे सोडून. मनात म्हटलं, मास्तर, माफ करा.

आणि सगळे आले. एका श्वासात, माझ्याभोवती, कुठेच घासत नव्हतं. असं वाटलं छातीतच वाजतंय. घरापासून चर्च, चर्चपासून दफनभूमी, एकदाही विस्कटलं नाही. मातीत उतरवताना शेवटची ओळ मी एकट्याने वाजवली. रोझमेरी नंतर जवळ आली, म्हणाली, "काका, पप्पांना असंच हवं होतं."

घरी येऊन रडलो, पण भरल्या मनाने. शब्द पाळला. अजून कान आहे मला, थोडा तरी. ज्या क्षणी लागला त्या क्षणी मशीनविना लागला.

४ डिसेंबर, गुरुवार

ॲप काढून टाकलं. खिळा पण उपटला.

७ डिसेंबर, रविवार

सालोमी सकाळी कॉर्नेट घेऊन आली. स्लाइड अडकते म्हणून. मी ओढून बाहेर काढली, फडक्याने पुसली, तर नळीवर लाल रेघ. नेलपॉलिशची. विचारलं, ही कसली? ती रडायलाच लागली.

दोन वर्षं झाली, म्हणाली. मास्तरांनीच तिच्याकडून बाटली मागून घेतली आणि बसून एकेकाच्या वाद्यावर रेघ मारली. हरेशने सूर दिला की सगळ्यांनी इथपर्यंत बाहेर ओढायचं. त्याला कळता कामा नये. बुधवारी मी फोनचा हात खाली सोडला तेव्हा जॅक्सनने पेटीखालून मागे वळून सगळ्यांना खूण केली, रेघेवर या.

मी स्लाइडला ग्रीस लावलं आणि रेघेच्या पुढे, पार आत बसवली. म्हटलं, परवाच्या तालमीला सूर तू द्यायचास. ती म्हणाली, "काका, आणि तुम्ही?" म्हटलं, मी ओट्यावर बसेन. आधी त्या सगळ्यांची माफी मागायची आहे.