धाकट्याचा दगड

उनाताई,

बोस्टनला थंडी असेल, छातीला जप. इकडे टोकावरचा जुना किल्ला पाहायला गाड्या भरभरून लोक येतात, आणि नवी पायवाट बाळांच्या माळावरून जाते. बाप्तिस्म्याआधी गेलेली, म्हणून चर्चच्या दफनभूमीत जागा न मिळालेली बाळं तिथे पुरलेली आहेत, हे त्यांना कुठून कळणार? ते बाळांच्या खुणेचे दगड उचलून एकावर एक रचतात आणि मनोरे करतात. परवा आपल्या धाकट्याचा पांढरा दगड मला एका मनोऱ्याच्या टोकावर दिसला.

मी तो काढायला गेलो, तर लोकांना किल्ला दाखवणारी डर्व्हला नावाची पोरगी म्हणाली, "आजोबा, राहू द्या की! लोक फोटो काढतायत. किनाऱ्यावर दगडांचा दुष्काळ पडलाय का?"

"तो माझ्या भावाचा आहे," मी म्हणालो. "नाव ठेवायच्या आधीच गेला."

तिचा चेहरा उतरला. तिने स्वतःच तो दगड उतरवला आणि छातीशी धरला. "सांगा, कुठे ठेवू?"

ताई, आजूबाजूचे सगळेच दगड हलले होते. खूण म्हणून काही उरलं नव्हतं. पण पोरगी ओझं घेऊन उभी होती, म्हणून मी काठीने एक जागा दाखवली.

आता ती सगळ्यांना त्या दगडाला वळसा घालायला लावते. जागा चुकली असेल, तर लोक आपल्या बाळावरूनच चालत असतील. आईबरोबर तिथे तूच जायचीस, म्हणून तुला विचारायला बसलो. पण तू दुसरीच जागा सांगितलीस तर? त्यापेक्षा हा कागद माझ्याच खिशात राहू दे.

तुझा घाबरट भाऊ,
फिनटन