डब्यावरचा फेटा

२ ऑक्टोबर, दसरा

आला एकदाचा! नवा कॉम्प्युटर, आठ कोअरच्या रायझन प्रोसेसरचा. मीच निवडला, मीच जोडला, पंख्यापासून केबलीपर्यंत सगळं माझ्या हातचं. सहा वर्षं शंभूदादाच्या स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ एडिट करतेय, पहिल्यांदा माझ्या पसंतीचं काही दुकानात आलं.

पूजेच्या वेळी नेमका चहा संपला. दर दसऱ्याला संपतो. आणायला मी! परत येऊन बघते तर कॉम्प्युटरच्या डब्याला हार, कुंकू आणि वर केशरी फेटा. आकाराम, लग्नात वऱ्हाडाला फेटे बांधतो तो, घामाघूम होऊन बसलेला. चौकोनी डब्यावर फेटा बसतो होय? शेवटी टाचण्या मारून बसवला. पाहुणेमंडळी फोटो काढत होती.

मी म्हटलं, "दादा, पंखे वर आहेत. गरम हवा तिथूनच बाहेर पडते. काढू या."

"मान हाय त्यो! दिवाळीपत्तोर ऱ्हाऊ दे. गिऱ्हाईक बघंल की."

आकाराम माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता. पण उरलेल्या टाचण्या गोळा करायला लागला.

६ ऑक्टोबर

नव्यावर शिवतेज बसतोय. शंभूदादाचा भाचा — पुण्याहून कोर्स करून आलाय म्हणे. मी आपली जुन्यावर. इंटेलचा आय-फाइव्ह, सहा कोअर. गुणी आहे बिचारा. आमच्या वस्तीतल्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओसुद्धा यानेच काढून दिलेत दरवर्षी.

दिवाळी पाडव्याला सांगलीची शाखा उघडणार. "ती तूच बघायची, अक्षता" — गणपतीत दादा स्वतः म्हणालाय. नवा डबाही माझ्याबरोबर सांगलीला. तेवढ्यावर गप्प आहे.

९ ऑक्टोबर

शिवतेज दुकानभर सांगत सुटलाय — "मामा, ह्यो लय स्लो हाय. मी म्हनत हुतो इंटेलच घ्या. अक्षताताईनं फसवलं." फसवलं!

दादा म्हणाला, "लावा की दोन्हीवर येकच व्हिडिओ. कळंल."

लावला. एका साखरपुड्याचा. तीच फाइल, तीच सेटिंग; तयार व्हिडिओ आधी कोण बाहेर काढतो ते बघायचं. झुंज बघायला शेजारचा मेडिकलवालाही आला! जुना वीस मिनिटांत मोकळा. नव्याला सव्वीस. शिवतेजने टाळ्या पिटल्या. मी स्क्रीनवर तापमान दाखवलं, नव्वदीच्या पुढे. सांगितलं, प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो, जळू नये म्हणून. फेटा काढा, मग बघा.

"यंत्राला बी ताप येतो व्हय गं?" दादा म्हणाला. सगळे खो खो हसले. मग हळूच — "सांगलीचं जरा दमानं बघू."

म्हणजे प्रोसेसर निवडायची अक्कल नाही, तर शाखा काय सांभाळणार! स्पष्ट बोलायला काय जातं?

१० ऑक्टोबर

जेवण गेलं नाही. रागाने पोट भरतं ते असं.

११ ऑक्टोबर

सगळ्यांच्या आधी जाऊन शटर उघडलं. टाचण्या काढल्या, फेटा अलगद उचलून खुर्चीवर ठेवला. चुरगळू दिला नाही. तोच व्हिडिओ नव्यावर लावला.

अकरा मिनिटं! एकटीच ओरडले दुकानात. जुन्याला वीस, याला अकरा. माझी निवड चुकली नव्हती!

दादा आला. मी स्क्रीनकडे बोट दाखवतेय, हा खुर्चीकडे बघतोय.

"कुनाला इचारून हात लावलास फेट्याला?"

"दादा, अकरा मिनिटांत —"

"पूजेतला हाय त्यो! येवढं कळत न्हाई तुला?"

स्क्रीन बघितलीच नाही त्याने. शिवतेजने फेटा पुन्हा डब्यावर चढवला, वाकडातिकडा.  

१८ ऑक्टोबर

सांगली शिवतेजला.

"घरचं मानूस असल्यालं बरं असतंय, अक्षता. तुज्या कामाला कोन नावं ठिवतंय?"

मी "बरं" म्हणाले. बरं! एरवी माझं तोंड आवरत नाही, आई सारखी म्हणते. आजच कुठे गेलं होतं?

नवा डबा टेंपोत घालून नेला. फेट्यासकट, वरून सुतळी बांधून. चांगल्या कॉम्प्युटरची वाट लावली माकडांनी. आणि बोल कुणाला लागणार? माझ्या निवडीलाच.

१९ ऑक्टोबर

जुन्यावरच काम. पंख्याचा आवाज नेहमीसारखा.

२२ ऑक्टोबर, पाडवा

तासगावच्या स्टँडवर आकाराम भेटला. सांगलीचं उद्घाटन उरकून आलेला. मी तोंड फिरवणार होते, पण तोच जवळ आला. इकडेतिकडे बघत म्हणाला —

"ताई, दसऱ्यापास्नं मनात सलतंय. त्यो फेटा मालकांनी तुमच्यासाठी सांगितला हुता. सांगलीच्या मॅनेजर म्हनून, पूजेत, समद्यांम्होरं तुमच्या डोक्याला बांधायचा. पावनं आडवं पडलं — पूजेतला फेटा हिच्या डोक्याला कसा? मग तुमाला च्या आनाया धाडलं, आन् मला म्हनले, आता आनलाच हाय तर डब्याला बांध."