हौदाला आंघोळ

कळंब, आश्विन वद्य तृतीया

तीर्थस्वरूप तात्यांच्या पायांवर भाचा मार्तंड याचं डोकं. मामींनाही नमस्कार. दसऱ्याच्या गर्दीत तुमचा गुडघा कसा टिकला ते सविस्तर कळवावं. इथं मंडळी खुशाल आहेत. मी खुशाल नाही, पण ते पुढं येईलच.

शाळामास्तरनं तेलाच्या गिरणीत काय लुडबूड चालवलीय, असं तुम्ही मागच्या पत्रात विचारलं होतंत (त्यातला ‘लुडबूड’ हा शब्द मी पोटात घातला). गिरणी धोंडप्पांची. तिथं तेलाची पिंपं सोड्यानं धुतात आणि ते काळं, चिकट पाणी उतारानं थेट रुद्रम्माच्या विहिरीकडं जातं. रुद्रम्मा म्हणजे गिरणीमागची एकटी बाई. पदरात एक मुलगी. त्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात, याच अंगणात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, मग पंगतीला द्यायचं काय? बाई माझ्याकडं आली, कारण मी विज्ञान शिकवतो, आणि विज्ञानवाल्याला सगळं येतं असा तिचा समज आहे. तो मोडायला मला लाज वाटली.

नेमकं तेव्हाच मी एका मासिकात वाचलं होतं की, परदेशात डोळ्यालाही न दिसणाऱ्या बारीक शेवाळाकडून सांडपाणी साफ करून घेण्याचे प्रयोग चालू आहेत. तिकडं ऑलिव्ह नावाच्या फळाचं तेल काढतात, त्याचं सांडपाणी तर म्हणे आपल्यापेक्षा काळं. मी म्हटलं, ऑलिव्हचं निभत असेल तर आपल्या शेंगदाण्यानं काय घोडं मारलंय? धोंडप्पांच्या मागं लागून तीन हौद बांधून घेतले. पहिल्यात तवंग काढायचा, दुसऱ्यात शेवाळानं राबायचं, तिसऱ्यातून निवळ पाणी बाहेर. मांजरा नदीच्या काठच्या डबक्यांतून शेवाळ मी स्वतः घागरीनं वाहून आणलं. (वाटेत हेडमास्तर भेटले. त्यांनी घागरीत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.)

पहिलं शेवाळ दोन दिवसांत मेलं, कारण मी काळं पाणी एकदम सोडलं. दुसरं धोंडप्पांच्या म्हशीनं पिऊन टाकलं. ती हिरव्या मिशा घेऊन भर बाजारात फिरली आणि आडतीवरची माणसं तिला सोडून मलाच हसली. तिसरं मात्र धरलं. तात्या, काय सांगू, महिन्याभरात हौद पोपटासारखा हिरवागार झाला! विहिरीवरचा तवंग गेला. रुद्रम्मानं एक ओंजळ चाखली आणि लगेच दुसरी भरून घेतली. त्या दिवशी मला शाळेत शिकवणं जड गेलं, इतका आनंद झाला.

आणि मग खंडेनवमी आली. गिरणीत यंत्रांची पूजा, म्हणून सारी गिरणी घासूनपुसून लखलखीत केली. मी पूजेला जाऊन बघतो तो काय, मधला हौद पांढराफेक! काथ्यानं घासलेला, वर चुन्याचा हात, चारी कोपऱ्यांवर हळदीकुंकू, आणि शेजारी रुद्रम्मा घाम पुशीत उभी. मी म्हटलं, “रुद्रम्मा, अगं हे काय केलंस?” तर म्हणते, “मास्तर, माझ्यासाठी सगळ्यांत जास्ती हेच राबलं बगा. मग वर्साच्या सणाला त्याला आंघूळ बी न्हाय व्हय?”

लोक अडाणी, उत्साही आणि ऐकणारे असले की प्रयोगाचं असंच होतं, दुसरं काय. गिरणी पुन्हा काळं ओकते आहे. धोंडप्पा म्हणतात, नव्या शेंगा आल्या, गिरणी थांबणार नाही. लग्नाला सात आठवडे राहिलेत. असो. मामींनी लोणच्याचा मसाला पाठवला तो पोचला.

आपला,
मार्तंड

ता. क. – परतीच्या पावसानं मांजरेकाठची डबकी धुऊन नेली. तुमच्या परसातल्या बारवेत मात्र वीस वर्षांचं हिरवं साठलेलं आहे. मामी दिवाळीआधी ती उपसायला काढतील, त्यांना काहीही करून थांबवा, आणि दोन घागरी तोंडाला फडकं बांधून एसटीनं लगेच पाठवा.

ता. क. २ – वर लोकांना अडाणी म्हटलं ते खोडून वाचावं. ‘जे जे आपल्यासाठी राबतं ते ते घासूनपुसून पुजायचं’ असं भाषण आदल्या दिवशी गिरणीत मीच ठोकलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

ता. क. ३ – हौद घासताना पाणी साफ करणारं शेवाळच धुऊन गेलं हे रुद्रम्माला सांगायचा मला धीर झालेला नाही. ती रोज विचारते, “मास्तर, हौद तर आता लई सोच्छ झाला, पानी गोड कधी व्हायचं?” काल माझ्या तोंडून निघून गेलं की, तुळजापुराहून आमच्या तात्यांकडचं तीर्थ येतंय, ते हौदात सोडलं की होईल. म्हणून घागरींना थोडं कुंकू लावा. आणि लग्नाला तुम्ही यायचं आहे. विहिरीचं पहिलं तांब्याभर पाणी तात्यांनीच प्यायचं, मग पंगत बसायची, असं तिनं सगळ्या आळीत सांगितलंय, आणि मी तुमच्या वतीनं हो म्हणून बसलोय.