मांजरसुंब्याला ठरलेलं कारण

धर्मापुरी,
सोमवार, ११ ऑगस्ट

चि. संस्कृतीस काकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक आहोत. तुझ्या काकूचा गुडघा जरा बरा आहे. हे पत्र खाजामियाँच्या फळांच्या टेम्पोतून बीडला पाठवतोय. फोन केला असता, पण फोनवर माझं लगेच भाषण होतं.

पोरी, हे पत्र आपल्या घरातल्या दोन हुशार माणसांपुरतं आहे, तुझ्या आणि माझ्या. आपलं गाऱ्हाणं एकच. या घरात हुशार माणसाला आजारी पडायची परवानगी नाही. ताप आलेला चालतो, हात मोडलेला चालतो. मन मोडलं की मात्र घर दुसरं कारण शोधायला लागतं. गेल्या वर्षी लातूरच्या होस्टेलात तू वीस दिवस अंथरुणातून उठली नाहीस. गावात आम्ही कावीळ सांगितली. शेजारच्या छबुबाईनं तुझ्यासाठी मुळ्याचा पाला पाठवला, आणि मी तो घेतलासुद्धा.

परवा, डॉक्टरकीला तुझा नंबर लागला म्हणून झालेल्या सत्काराला मी चाळीस मिनिटं बोललो. त्याआधी नेहमीची ओळख झाली, "समाजासाठी डॉक्टरकी लाथाडणारे विजयसिंह." मी मान लववली. तू फेटा बांधून शेजारी बसली होतीस आणि एकटी तूच टाळ्या वाजवत नव्हतीस. ते मला दिसत होतं. नंतर मांडवामागं तू मला गाठलंस.

"काका, तुमी खरंच लाथाडली व्हती का डॉक्टरकी?"

"मग काय, बैलानं लाथाडली?"

"हसू नका. मला खरं ऐकायची लई गरज हाय."

तेवढ्यात कुणीतरी फोटोला बोलावलं आणि मी निघून गेलो. तीस वर्षं मी अशा वेळी फोटोलाच जात आलोय.

तर ऐक. मी काहीही लाथाडलं नाही. पहिल्या वर्षाच्या चौथ्या महिन्यात माझी झोप गेली. शर्टाची बटणं लावायला अर्धा तास लागायचा. पुस्तकाचं एकच पान दिवसभर उघडं राहायचं. माझ्या खोलीत राहणाऱ्या अजिनाथनं आबांना, तुझ्या आजोबांना, कार्ड टाकलं. आबा आले, माझी वळकटी बांधली. येताना एसटी मांजरसुंब्याला थांबली. ढाब्यावर आबांनी माझ्या ताटात भाकरी कुस्करली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "कुनाला काय सांगायचं न्हाई. मोर्चा-चळवळीत पडलो म्हून सोडलं, आसं म्हनायचं."

तेव्हा आठवड्याला दोन मोर्चे निघत. कारण झकास होतं. मी मान हलवली आणि भाकरी खाल्ली.

नारायणगडावर नेलं, नवस बोलले. दवाखान्यात कुणी नेलं नाही. मी आपल्या माळवदाच्या घरात आतल्या खोलीत पडून असायचो. घरी आल्यावर सहाव्या महिन्यात उठून बसायला लागलो, तशी गावातली पोरं मला सभांना न्यायला लागली.

आता जे तुझ्या बापालाही ठाऊक नाही, ते लिहितो. नवव्या महिन्यात कॉलेजचं पत्र आलं. आजारी असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, पुढच्या तुकडीबरोबर बसता येईल. एक कागद आणायचा होता. पण तोवर चार गावांनी मला हार घातले होते. ज्या दाराला मी लाथ मारली म्हणून टाळ्या पडत होत्या, त्याच दारात 'मी आजारी होतो' म्हणत कसा जाणार? आबा शेतात गेले होते. ते पत्र मी माझ्या हातानं चुलीत घातलं.

मला डॉक्टर व्हायचं होतं, संस्कृती. आजही कुणाला भेटायला दवाखान्यात गेलो की भिंतीवरचे तक्ते मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.

काल तुझ्या आईचा फोन आला. तुझ्या पुस्तकांमागं मनाच्या आजारावरच्या गोळ्यांची पाकिटं न उघडलेली सापडली. तीन आठवड्यांची. वहिनी रडत होत्या. म्हणाल्या, "भावजी, तुमीच म्हनला व्हता ना, असल्या गोळ्या खानाराला कॉलेजात लागतो त्यो फिटनेसचा कागद मिळत न्हाई म्हून?"

म्हणालो होतो. जूनमध्ये, ओसरीवर पान खात. मला त्यातली काडीची माहिती नव्हती. सभेत ठोकून देतो तसं ठोकून दिलं, आणि तू ते ऐकून गोळ्या ठेवून दिल्यास. हजार लोकांनी माझं ऐकावं म्हणून मी जन्म घालवला. तू ऐकायला नको होतंस.

आज सकाळी, तुला या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. बाई माझ्यावर चिडल्या, ते बरं झालं. गोळ्या अशा परस्पर सोडायच्या नसतात म्हणाल्या. आधी तिला माझ्याकडं पाठवा, कागदाचं मी तिच्याशीच बोलेन.

गुरुवारी तुला कॉलेजात हजर व्हायचंय. जायचं की वर्षभर थांबायचं, ते तू ठरव. माझा शब्द त्यात नको. गेलीस तर औषध सोबत ने, लपवून नेऊ नकोस. थांबलीस तर गावाला तोंड मी देईन, आणि या वेळी कावीळ सांगणार नाही.

फक्त एक कर. उद्या, मंगळवारी सकाळी अकराला, डॉक्टरीणबाईंकडं जा आणि गोळ्या बंद केल्याचं तुझ्या तोंडानं त्यांना सांग. वेळ घेतलेली आहे.

पहिल्या वर्षी आजारी पडून घरी आलेला,
तुझा काका
विजयसिंह