दोराचं दुसरं टोक

बुधवार, ता. ९

तीर्थरूप ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे तुझ्या पत्रात वाचलं आणि देवापुढे हात जोडले. भाचीला सांग, बाळाचं नाक कोणावर गेलं यावरून सासरच्यांशी वाद घालू नकोस. नाकं वर्षभर बदलत राहतात.

इकडे सगळं ठीक. पाणी वेळेवर येतं. तुझ्या खिडकीतल्या कुंड्या बऱ्या आहेत, एकीतलं रोप मात्र कुजलं. पाणी जास्त झालं.

भाऊजींना रविवारच्या गाडीत बसवून दे, जावई स्टँडवर उतरवून घेतील, असं तू लिहितेस. त्याचं उत्तर पुढे लिहितो. आधी कामाचं सांगतो.

सध्या एका बंगल्यामागची निलगिरी काढतोय. एका बाजूला विजेच्या तारा, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचं काचेचं छप्पर. बुंध्यात कापून आडवी करायची सोय नाही, शेंड्यापासून तुकड्या-तुकड्याने खाली उतरवायची. आमची पद्धत तुला माहीत आहे. माझ्या कंबरेचा दोर वरच्या बेचक्यातून खाली येतो आणि त्याचं दुसरं टोक भाऊजींकडे असतं. मी सरकलो की त्यांनी ढील द्यायची, मी घसरलो की धरायचं.

चढण्याआधी मी खोडाला हात लावून देवाचं नाव घेतो. त्यावर भाऊजींचं ठरलेलं वाक्य, "वर देव, खाली मी, मधे तू. घाबरतोस कशाला?" इतकी वर्षं मी त्या दोघांच्या भरवशावर चढलो. जास्त भरवसा कोणावर होता ते देवाला ठाऊक आहे, आणि तो त्यासाठी रागावणार नाही.

ताई, गेल्या आठवड्यात मी शेंड्याजवळ होतो. फांदी निम्मी कापून झाली होती. "धरा!" म्हणून ओरडलो. खालून उत्तर नाही. वाकून पाहिलं तर भाऊजींनी दोर सोडून दिलेला. संध्याकाळी काम आटोपल्यावर करतात तसं त्याचं नीट वेटोळं करून खोडापाशी ठेवलं, हात झटकले आणि फाटकाकडे निघाले. आमचा सकाळचा चहासुद्धा व्हायचा होता.

मी मोटरची करवत बंद करून हाक मारली. ते थांबले, इकडेतिकडे पाहिलं. बंगल्यातल्या बाई दारात उभ्या होत्या. भाऊजींनी त्यांना विचारलं, "कोण आहे हो वर?"

बाईंना ती थट्टाच वाटली. "तुमचा मेहुणा नाही का? की माकड चढलंय?"

भाऊजीही हसले. पण मी वरून त्यांचा चेहरा पाहत होतो. आवाज ओळखीचा वाटत होता त्यांना. झाडावर माणूस कशासाठी असेल, ते आठवत नव्हतं.

करवत कंबरेला अडकवली. खोडाभोवतीचा पट्टा आवळला आणि बुटांचे खिळे रोवत उतरलो. सगळी वाट नाव घ्यायचंही सुचलं नाही. खाली पाय टेकले तर भाऊजी माझ्या खांद्यावरचा भुसा झटकत म्हणाले, "आज लवकर उतरलास?"

मी म्हणालो, "हो. तहान लागली."

आता कुंडीचं खरं सांगतो. ते एका सकाळीत तीन-चारदा पाणी घालतात, आणि दरवेळी मला म्हणतात, "तुझी ताई येईपर्यंत यांच्याकडे मलाच बघायला हवं." फोनवर तू विचारायचीस तेव्हा ते शेजारीच बसलेले असायचे, म्हणून मी ठणठणीत म्हणायचो. अंगाने ठणठणीतच आहेत. भूक आहे, झोप आहे. त्या झाडाच्या प्रकारानंतर संध्याकाळी दाखवायला घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आज वार कोणता?" तर म्हणाले, "एवढे शिकलात, आणि आम्हाला विचारता? कॅलेंडर तुमच्याच भिंतीवर आहे." डॉक्टर हसले. मला बाहेर बोलावलं तेव्हा मात्र हसले नाहीत. गोळ्या दिल्या आहेत. त्यांनी विसरण्याचा वेग कमी होईल, ते थांबणार नाही, म्हणाले.

मी त्यांना घरी बसवणार होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर डबे भरून, बूट घालून ते दारात उभे. "चल, उशीर करतोस. वर चढायचंय तुला, मला नाही." मी दोर खांद्यावर घेतला आणि त्यांच्यामागे निघालो.

आता मी माझा दोर शेजारच्या झाडाच्या बुंध्याला स्वतः बांधतो, दुहेरी गाठ मारतो, आणि त्याच्या आधाराने एकटाच काम करतो. छोटे तुकडे कापतो. वेळ जास्त लागतो, लागू दे. आणि दुसरा एक जुना दोर वरच्या एका फांदीला बांधून त्याचं टोक भाऊजींच्या हातात देतो. त्या दोराला मी बांधलेला नाही, ताई. ते पाय रोवून तो धरून उभे राहतात. मान वर, नजर हलवत नाहीत. काल उतरल्यावर पाहिलं तर त्यांचे तळहात सोलून लाल झाले होते. "आज जड होतास," म्हणाले.

हे मी किती दिवस चालवू शकेन, मला कळत नाही. निलगिरी संपली की मोठी झाडं घेणार नाही, एवढं ठरवलं आहे.

तेव्हा त्यांना एकट्याला गाडीत बसवणार नाही. रविवारी मीच घेऊन येतो, खिडकीकडे त्यांना बसवीन. भाचीला आत्ताच काही बोलू नकोस, ती ओली बाळंतीण आहे. तू मात्र मन घट्ट करून ठेव. तुला बघून ते पहिल्यांदा काय म्हणतील, ते मी सांगू शकत नाही.

हे लिहीत होतो तेवढ्यात ते उठून आले. "कोणाला लिहितोस?" म्हणाले. म्हटलं, ताईला. तर म्हणाले, "माझाही नमस्कार लिही. बाई चांगली आहे. मी ओळखतो तिला." थट्टा होती की काय, मला कळलं नाही. ते पूर्वीपासून अशीच थट्टा करायचे, म्हणून मी ती थट्टा धरली आहे. तूही धर.

नातवाच्या पाळण्यासाठी त्यांनी मऊ दोर निवडून पिशवीत भरून ठेवला आहे. पिशवी रोज उघडून बघतात. गाठ मीच मारणार, म्हणतात. त्यांना मारू दे, ताई. सगळ्यांसमोर मारू दे. नंतर ते जेवायला बसले की मी तिच्यावर माझी एक मारीन.

आता खाली उभा असलेला,
तुझा धाकटा भाऊ